शेडमागे रोज एक कॅन पाणी

दस्तगीरभाई,

तुमच्या मातीला मी आलो होतो. कबरस्तानाच्या भिंतीला लागून, सर्वांच्या मागे उभा होतो. पुढे होऊन मूठभर माती टाकण्याचा अधिकार मला होता. तेवीस वर्षे आपण दोघांनी एका पत्र्याखाली काम केले. पण त्या वेळीही माझ्या मनात दुःखाच्या आधी एक प्रश्न येऊन बसला होता, आणि तो इतका हलका होता की तो मनात ठेवून तुमच्यावर माती टाकायला हात धजेना. प्रश्न असा होता: मला सांगायचे तुम्ही मुद्दाम टाळलेत का?

आज अठरावा दिवस. उत्तर मला परवा मिळाले. ते तुमच्याच तोंडून मिळावे यासाठी मला बारा दिवस होते आणि ते मी घालवले, म्हणून आता लिहीत बसलो आहे. लिहिलेले वाचण्याचा तुम्हाला कंटाळा, हे मला ठाऊक आहे. नव्या मशीनच्या खोक्यातले माहितीपत्रक तुम्ही माझ्या हातात द्यायचे, आणि मी दोन ओळी वाचून होतात न होतात तोच म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, म्होरलं मी सांगतो." तुम्ही सांगायचे, मी कागदावर बोट ठेवून पडताळायचो. बहुतेक वेळा पुढे तेच छापलेले असे. माझा पडताळा मात्र कधी सुटला नाही.

इतरांवर विश्वास ठेवणे मला जड जाते. हा दोष मी फार वर्षे हुशारी समजून जपला. मराठी घेऊन बी.ए. झालेला मुलगा वडिलांच्या, आबांच्या पश्चात लोखंडाच्या शेडमध्ये येऊन बसला, तेव्हा त्याला वेल्डिंग येत नव्हते, धार लावता येत नव्हती, कोणता आवाज मशीनच्या पोटातून येतो आणि कोणता दगडातून, हे कळत नव्हते. ज्याला काम येत नाही तो मालक काम करणाऱ्याच्या हातांकडे कमी आणि खिशाकडे जास्त पाहतो. मी तसाच पाहत होतो. तुम्ही माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, आबांच्या वेळचे. खुशीत असलात की मला 'प्रभाकरराव' म्हणायचे, आणि मनातून उतरलो की 'मालक'. शेवटची दोन वर्षे मी बहुतेक मालकच होतो.

संशय तुम्हालाही होता. पण तो यंत्रांवर होता. सकाळी शटर वर गेले की तुम्ही आधी ग्राइंडरची वायर पिनेपासून मशीनपर्यंत बोटांतून सरकवत न्यायचे, बाजारात शेळी घेणारा माणूस जसा तिच्या बरगड्या चाचपतो तशी. कुठे साल गेलेली, कुठे उंदराचा दात लागलेला सापडला, तर त्या दिवशी त्या मशीनला सुट्टी. मग खिशातला टेस्टर काढून लोखंडी बॉडीला लावायचा. टेस्टरमधला दिवा लागला नाही, की मान हलवायची, आणि तरीही दुसऱ्या जागी एकदा लावून पाहायचा. नवा दगड चढवण्याआधी तो बोटावर टांगून लाकडाने टिचकी मारायची; खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर आत तडा आहे म्हणून सरळ बाजूला. चढवल्यावर मशीन चालू करून स्वतः एका अंगाला उभे राहायचे, मिनिटभर. त्या मिनिटात समोर कुणी आले तर तुम्ही ओरडायचे.

मी एकदा म्हणालो होतो, "दस्तगीरभाई, रोजचंच मशीन आहे. रोज काय तपासायचं?"

"रोजचं हाय म्हनूनच. नव्या मशीनला मानूस भितो, मालक. जुन्याला हात लावतो."

तुम्ही 'मालक' म्हणालात, म्हणजे मी चुकीचे बोललो होतो. पण मला वाटले, हा माणूस वेळ काढतो आहे. सकाळचा अर्धा तास दररोज असा जातो, आणि बाहेर माणसे खोळंबलेली. तुमच्या काळजीचा मी मनातल्या मनात कामचुकारपणा करून ठेवला होता, हे आज लिहिताना माझी मान वर होत नाही.

नवरात्रापासून पुढे आपल्याकडे गर्दी. पाथर्डीच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसे ऊसतोडीला निघण्याआधी कोयते घेऊन यायची. एकेका कुटुंबाचे तीन-तीन, चार-चार. रांग पार चहाच्या टपरीपर्यंत. त्या रांगेत तुम्ही एक पद्धत पाडली होती, आणि तिची मला लाज वाटायची. कोयता हातात घेण्याआधी तुम्ही गिऱ्हाइकाला भिंतीवरचा मेन स्विच दाखवायचे. त्याच्या मुठीला तुम्हीच लाल रंग दिला होता.

"ही लाल मूठ दिसली का?"

"दिसली की."

"मला करंट लागला, मी थरथराय लागलो, तर काय करशीला?"

"तुमाला वढीन."

"मग तू बी मरशीला. मानसाला शिवायचं न्हाई. आदी लाल मूठ खाली. म्हन."

रांगेतली माणसे हसायची, पण म्हणायची. कौसाबाई तुम्हाला आठवते. नवऱ्यामागे स्वतः कोयता चालवणारी, तोंडाने फटकळ. ती म्हणाली होती, "म्हाताऱ्या, मी धार लावाय आले का शाळंत आले? चार खेपा झाल्या, तेच ते."

"पाचव्यांदा म्हन. आन् पदर खोच आदी. ह्या दगडाला बाईचा पदर लई आवडतो."

"ह्या वयात दगडालाच आवडायचा!" ती म्हणाली आणि सगळी रांग हसली. तिने पदर खोचला. म्हणाली, "मानसाला शिवायचं न्हाई, आदी लाल मूठ खाली. झालं समाधान?"

मी आत बसून ऐकत होतो आणि मला वाटत होते, हा माणूस माझ्या शेडमध्ये माझ्या गिऱ्हाइकांना शिकवतो, म्हणजे लोकांनी मालक कुणाला समजावे? इतकी क्षुद्र गोष्ट मी त्या वेळी मनात धरली. आबा असते तर हसून बाहेर आले असते.

आता पाण्याकडे येतो. तिथेच यायचे आहे, आणि तिथेच येण्याचे मी टाळतो आहे.

दुपारच्या जेवणानंतर तुम्ही रोज एक पाच लिटरचा कॅन भरून शेडच्या मागे जायचे. मागे काय होते? बाभळीचे एक झुडूप, गंजलेले पत्रे, आणि भिंतीलगत एक सपाट दगड. पाच-सात मिनिटांत तुम्ही परत यायचे, कॅन रिकामा. मी कधी विचारले नाही. तुम्ही मुसलमान, वेळ दुपारची, हातात पाणी. मी मनाशी ठरवून टाकले की तुम्ही नमाजाआधी हातपाय धुता. माझ्या या तर्काचा मला अभिमानही होता. आपण दुसऱ्याच्या धर्मात नाक खुपसत नाही, असे मला वाटायचे. पण परत येताना तुमचे हात, पाय, तोंड कधी ओले दिसले नाही. एवढे पाणी घेऊन गेलेला माणूस कोरडाच्या कोरडा परत येतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आणि त्यातून काहीही पाहिले नाही. ज्या बाबतीत संशय घ्यायला हवा होता, नेमक्या त्या बाबतीत मी सभ्यपणा दाखवला.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आपल्या भागात पाण्याचे हाल झाले. बोअर आटली, टँकर सुरू झाला, तोही कधी येई, कधी नाही. तेव्हा मला तुमचा कॅन डोळ्यांत सलू लागला. सरळ बोलायचे धाडस नव्हते. मी सर्वांना मिळून नियम सांगितला: टँकरचे पाणी फक्त पिण्यासाठी; बाकी ज्याला जे लागेल ते त्याने घरून आणावे. सर्वांना म्हणजे तुम्हाला. शेडमध्ये दुसरे होतेच कोण?

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलेत. मग म्हणालात, "घरनं?"

"हो. नियम सगळ्यांना सारखा."

"बरं, मालक."

दुसऱ्या दिवसापासून सायकलच्या हँडलला कापडी पिशवीत कॅन लटकू लागला. तीन किलोमीटर. तुमच्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत होते, हे मला माहीत होते. मी मान वळवली. आणि मान वळवून थांबलो असतो तरी बरे झाले असते. मी त्या पिशवीवर डोळा ठेवू लागलो. येताना जड असते, जाताना हलकी असावी. पण एके दिवशी जातानाही जड वाटली. त्याच आठवड्यात जळालेल्या मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे दिसेनासे झाले होते.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. बाहेर चार माणसे उभी होती. मी म्हणालो, "दस्तगीरभाई, पिशवी जरा दाखवता?" आवाज चढवला नव्हता. मी आवाज कधीच चढवत नाही. लोक त्याला माझा चांगुलपणा समजतात.

तुम्ही पिशवी टेबलावर ठेवलीत आणि स्वतः उघडलीत. कॅन काढून झाकण फिरवलेत आणि माझ्या पुढ्यात धरलेत. आत पाणी. खाली मिठाची एक पुडी, कागदात बांधलेले कोळशाचे तुकडे, आणि टेस्टर. बाहेरचा एकजण हसला.

"आनि काय बघायचं?" तुम्ही विचारलेत.

"नाही, नाही. सहज."

टेस्टर खिशात घालत तुम्ही म्हणालात, "संशय घ्यायचा तर ह्या चाकावर घ्यावा, मालक. मानूस एकदा चुकंल. ह्ये तर दर मिनटाला हजारदा फिरतं."

तुम्ही त्या दिवशीही शटर ओढण्याआधी मेन बंद केलेत. लाल मूठ खाली पडल्याचा आवाज रोजच्यासारखाच होता.

त्या पिशवीत मला सर्व काही सापडले होते, दस्तगीरभाई. उत्तर माझ्यासमोर टेबलावर मांडलेले होते. पण माझ्याजवळ प्रत्येकाचे स्पष्टीकरण तयार होते: पाणी हातपाय धुवायला, मीठ जेवणाला, कोळसा दात घासायला. आणि तांब्याचे वेटोळे तीन दिवसांनी मला माझ्याच मोटारसायकलच्या डिकीत सापडले. भंगारात द्यायला मीच ठेवले होते. ते तुम्हाला सांगायला हवे होते. चार माणसांसमोर सांगायला हवे होते. मी तुम्हाला एकट्यालाही सांगितले नाही. आज सांगतो आहे, आणि तुम्ही ऐकायला नाही आहात, हे या सांगण्याला फारच सोयीचे आहे.

या वर्षी होळीनंतर तुम्ही अंथरूण धरलेत. मी निरोप पाठवला, बरे व्हा, घाई करू नका. चैत्रात एका दुपारी हमिदाभाभी शेडच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, हातात तोच कॅन. उन्हातून चालत आल्या होत्या.

"त्यांनी पानी पाठिवलंय," त्या म्हणाल्या.

बाकी काही बोलल्या नाहीत, आणि मी विचारले नाही. माझ्या मनात पहिला शब्द आला तो टोमणा. मला वाटले, आजारी माणूस अंथरुणावरून मला ऐकवतो आहे: घे बाबा, तुझा नियम पाळतो आहे, बायकोला उन्हात चालवून पाळतो आहे. मी भाभींच्या हातून कॅन घेतला आणि त्यांच्या देखत शेडमधल्या माठात रिकामा केला. त्यांनी काही म्हणण्यासाठी तोंड उघडले होते. मी गोड आवाजात म्हणालो, "पाणी कशाला आणलंत, भाभी? आपल्याकडे आहे." त्या रिकामा कॅन घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तेव्हा मी दारातच म्हणालो, "भाभी, राहू द्या आता. तुम्ही त्यांच्याजवळ थांबा." खरे सांगायचे तर मला वाटले, नवरा यांना पाठवतो आहे, शेडमध्ये काय चालले आहे ते बघायला.

माठातले ते पाणी मी दोन दिवस प्यालो. गार होते.

वैशाखात एका दुपारी कौसाबाई खुरप्यांना धार लावून घ्यायला आली. सोबत तिचा दीर होता. शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखे ऊन भरले होते, म्हणून मी जमिनीवर पाणी शिंपडले होते. मशीनपुढे उभे राहायला तुम्ही टाकलेली लाकडी फळी पायात अडखळते म्हणून मी केव्हाच भिंतीला उभी केली होती. टेस्टर लावून पाहिला नाही. वायर बोटांतून सरकवली नाही. खटका दाबला, खुरपे दगडाला लावले आणि डावा तळवा मशीनच्या लोखंडी पाळीवर टेकवला.

करंट लागला, असे लोक म्हणतात. लागला नाही, त्याने मला धरले. तळवा सुटेना. ओरडायचे होते, पण छातीतून आवाज निघत नव्हता. डोळे उघडे होते. कौसाबाईचा दीर माझ्याकडे धावला, आणि मी पाहिले की तो मला हात लावणार आहे. त्याच वेळी तिचा आवाज आला:

"शिवू नको! आरं मुडद्या, शिवू नको त्यांला!"

आणि मग लाल मूठ खाली पडल्याचा तो आवाज, जो मी वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी ऐकत होतो.

मी खाली बसलो होतो. कौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. "पाचदा म्हनून घेतलं मेल्यानं," ती म्हणाली. "कुठं गेला म्हातारा?"

वायरमन आला. त्याने मशीन उघडले. आतल्या वायरची साल उन्हाने आणि तेलाने गळून उघडी तार बॉडीला टेकली होती. "पण नुसत्या याने माणूस मरायला टेकत नाही," तो म्हणाला, "अर्थिंग असेल तर करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो. तुमचं अर्थिंग कुठंय?" मला माहीत नव्हते. तेवीस वर्षे ज्या शेडचा मालक म्हणून बसलो, त्या शेडचे अर्थिंग कुठे आहे हे मला माहीत नव्हते. तो भिंतीवरून उतरलेल्या तारेच्या मागोमाग गेला, आणि आम्ही शेडच्या मागे, त्या सपाट दगडापाशी पोचलो. त्याने दगड सरकवला. खाली पाइपाचे तोंड, त्यावर पत्र्याचे नरसाळे, आणि भोवती मीठ आणि कोळसा, वाळून खडखडीत झालेला. त्याने बोटाने उकरले. वीतभर खाली किंचित ओल होती.

"आपली जमीन मुरमाड," तो म्हणाला. "उन्हाळ्यात पाणी नाही घातलं तर अर्थिंग मेलंच समजा. इथं कुणीतरी रोज घालत होतं. दीड-दोन महिन्यांत बंद झालंय. कोण घालायचं?"

मी सांगितले नाही.

मला त्या क्षणी शरम वाटायला हवी होती. ती नंतर आली. आधी आला तो संशय. तुम्हाला माहीत होते. पाणी बंद पडले की काय होईल हे तुम्हाला पक्के माहीत होते, आणि एका वाक्यात सांगता आले असते. मग का सांगितले नाही? पिशवी उघडायला लावल्याचा हा बदला तर नव्हे? माझा तळवा भाजलेला होता, आणि मी वाचलो होतो तो तुम्ही शिकवलेल्या बाईमुळे. तरीही मी तुमच्यावरच खटला चालवत बसलो होतो. स्वतःच्या मनाचे इतके स्पष्ट दर्शन मला पूर्वी कधी झाले नव्हते.

पाचव्या दिवशी डाळिंबे घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही इतके बारीक झाला होतात की चादरीखाली माणूस आहे असे वाटत नव्हते. भाभी चहाला आत गेल्या. तुम्ही माझा डावा हात ओढून घेतलात.

"ह्ये काय?"

"तवा लागला."

तुम्ही तळव्यावरचे दोन काळे डाग बघत राहिलात. माहितीपत्रक न वाचता पुढचे सांगणारे तुम्ही. मग विचारलेत, "मागं पानी पडतंय ना?"

"पडतंय." आणि ते खरे होते. चार दिवसांपासून मीच घालत होतो.

"मग झालं," म्हणालात आणि डोळे मिटलेत.

त्या दोन शब्दांत मला कबुली ऐकू आली. मला वाटले, तुम्ही मान्य करता आहात की सारे ठाऊक असून गप्प बसलात. प्रश्न ओठांवर आला होता. भाभी चहा घेऊन आल्या, मी चहा प्यालो आणि निघालो. क्षमा मागायची होती की जाब विचारायचा होता, हेच माझे ठरले नव्हते. पुन्हा येईन म्हटले, आणि अंगणातून परत फिरलो नाही. सात दिवसांनी निरोप आला.

परवा भाभींकडे गेलो. सर्व सांगितले, तांब्याची तार, डिकी, माठ, तळवा, काही ठेवले नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. मी शेवटी विचारले, "भाभी, त्यांनी मला सरळ का सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? तुमाला ठाव न्हवतं व्हय?"

"नव्हतं."

आता हात थांबला. "ते म्हनायचे, आबांनी खड्डा खनला तवा प्रभाकरराव हुता. त्याच्या म्होरंच मीठ-कोळसा भरला."

"मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "आनि ते मला सांगायचे, 'मालकाला समदं ठाव हाय गं. पन पान्यासाठी जीव तुटतोय त्याचा. सोताच्या मशिनीला बी पानी देववंना. ऱ्हाऊ दे, मी घरनं नेतो.' मी भांडले बी त्यांच्याशी. आपल्याच घागरीतलं कशाला म्हनून." मग म्हणाल्या, "म्हंजी त्यांनी तुमाला चिक्कू समजलं आन् तुमी त्यांला चोर. तेवीस वर्सं! वर आमा बायांनाच म्हनता, विचारून घेत न्हाईत, भांडतात म्हनून."

मी म्हणालो, "भाभी, तुम्ही आणलेलं पाणी मी प्यालो."

"ठाव हाय. माठात वतलं म्हनून सांगितलं मी त्यांना. लई हसले. खोकला लागस्तवर हसले. म्हनले, 'तहानला आसंल. उद्या परत ने.'"

"आणि दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला दारातून परत पाठवलं."

"व्हय. तवा न्हाई हसले." त्यांनी ताट पुन्हा ओढून घेतले. "म्हनले, 'कंटाळला आसंल आपल्याला. तो घालंल आता.'"

तो घालंल. दस्तगीरभाई, तुम्ही मला कंजूष समजलात, हे मी आनंदाने घेतो. त्याहून वाईट मी होतो. पण त्याच कंजूष माणसाच्या हाती तुम्ही पाणी सोपवून दिलेत. मशीनवर रोज दोनदा टेस्टर लावणाऱ्या तुम्ही मला एकदाही तपासून पाहिले नाही. तक्रार करायची असेल तर मला तुमच्याविरुद्ध एवढीच एक जागा सापडते: तुम्हीही विचारायला हवे होते. एवढा वाद आपला राहिला. तो मी इथेच सोडतो. तुमच्या माघारी जिंकण्यात अर्थ नाही.

निघताना मी तो कॅन मागितला. तुमची आठवण म्हणून शेडमध्ये ठेवावा, असे काहीसे मी बोललो. भाभी म्हणाल्या, "कॅन न्हाई मिळायचा. घरी पान्याला लागतो. तुमचा तुमी आना."

मी नवा आणला. शेडमध्ये टाकी आहे, पण मी घरून भरून आणतो. तुम्हाला लावलेला नियम मला लागू व्हायला एवढा उशीर झाला. लाकडी फळी पुन्हा मशीनपुढे आहे. वायरमनने जमिनीत करंट गळला की आपोआप बंद होणारा नवा खटका बसवून दिला आहे. तरी पाणी बंद करू नका, असे तोही बजावून गेला. सकाळी वायर बोटांतून सरकवतो. टेस्टर लावतो, दिवा लागत नाही, दुसऱ्या जागी लावून पाहतो. माझे हात तुमच्याइतके सरावलेले नाहीत, त्यामुळे अर्ध्या तासाचा पाऊण तास होतो आणि बाहेर माणसे खोळंबतात. त्यांना मी लाल मूठ दाखवतो. माझा आवाज बारीक, मला ते सांगताना संकोच होतो. कौसाबाई असली तर तीच सगळ्यांकडून म्हणवून घेते.

काल दुपारी कॅन घेऊन मागे निघालो होतो. चहाच्या टपरीवाल्याने मला थांबवले नाही, नुसतेच हसून विचारले, "काय मालक, रोज काय घेऊन जाता मागं?"

त्याच्या आवाजात तो सूर होता. तो मी ओळखतो. वर्षानुवर्षे माझाच होता. मी त्याच्यासमोर गेलो, कॅन टपरीच्या फळीवर ठेवला, झाकण फिरवले आणि आतले पाणी त्याला दाखवले. कशासाठी आहे तेही सांगितले, सुरुवातीपासून. तो ओशाळला. "अहो, उघडून दाखवा असं कुठं म्हटलं मी?" म्हणाला.

नव्हता म्हणाला. तुम्हाला मी म्हणालो होतो.